साडेचारशे डॉलरचं खातं

कॅनडातल्या सडबरी गावात, त्या गल्लीत जिनेट लाफ्रन्येरला सगळे 'बँकवाली' म्हणत. वास्तविक बँकेत तिने एक दिवसही नोकरी केलेली नव्हती. तीस वर्षं तिने किराणा दुकानाच्या गल्ल्यावर काढली होती, लोकांची सवलतीची कुपनं तपासण्यात. तिथेच तिच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली, की जगात फुकट काही मिळत नाही असं जे म्हणतात, त्यांना फॉर्म नीट वाचता येत नाही.

बँकांचं असं असतं. नवं गिऱ्हाईक यावं म्हणून त्या बोनस देतात. तीनशे, चारशे, कधी पाचशे डॉलर. अट अशी की पगार नाहीतर पेन्शन त्या खात्यात यायला हवं, दोन बिलं त्या खात्यातून आपोआप जायला हवीत, आणि खातं सहा महिने चालू ठेवायला हवं. वर दरमहा सतरा डॉलर फी. ती टाळायची तर खात्यात चार हजार डॉलर पडून राहायला हवेत, महिन्यात एक दिवससुद्धा एक डॉलर कमी चालत नाही. बहुतेक लोक बोनस घेतात, खूश होतात, विसरतात, आणि बँक ते पैसे फीच्या रूपाने दोन-अडीच वर्षांत गुपचूप परत काढून घेते. आवळा देऊन कोहळा काढायचा धंदा हा.

जिनेट विसरत नसे. फ्रिजच्या दारावर तिचा तक्ता होता. कुठल्या तारखेला कुठलं खातं उघडलं, बोनस कधी पडणार, कधी बंद करायचं. बँकांची खरी नावं ती घेतच नसे. पुलापाशची, मॉलमधली, चर्चसमोरची, एवढंच. एकच पाहुणा तीन घरी जेवून यावा तसे तिचे तेच चार हजार डॉलर या बँकेतून त्या बँकेत फिरत राहायचे. नऊ वर्षांत सतरा खाती उघडली, सतरा बंद केली. फी? एक छदाम नाही. त्या पैशांतून घरात नवा हीटर आला, मुलीकडे, जोझेकडे, कॅल्गरीला दोनदा जाऊन येणं झालं.

तिचा नवरा रेआल एकतीस वर्षं निकेलच्या खाणीत, जमिनीखाली. आता चौसष्टचा. शुक्रवारी क्लबात पोर्केटाच्या, म्हणजे भाजलेल्या डुकराच्या मांसाच्या, पैजा लागायच्या, तिथे तो मित्रांना मोठ्याने सांगायचा, "माझी बायको मला कधी सोडून जायची नाही रे. तिची सोडायची सगळी हौस बँकांवर भागते."

"तुझ्यावर बोनस कोण देणार, म्हाताऱ्या?" जिनेट पलीकडच्या टेबलावरून उत्तर द्यायची. सगळे हसायचे.

आता यात वाईट काय होतं? काहीच नाही. हुशारीच होती ती. पण माणसाला आपल्या हुशारीची सवय लागली की तो डोळे मिटून सह्या करायला लागतो.

ही गोष्ट त्या सह्यांची आहे. रेआल निवृत्त झाला तेव्हा कंपनीने दोन पर्याय दिले होते. एकतर पेन्शन थोडं कमी घ्यायचं आणि त्याच्या मागे त्यातलं साठ टक्के जिनेटला मिळत राहायचं. नाहीतर पूर्ण पेन्शन घ्यायचं, पण ते त्याच्याबरोबर संपणार. त्यांनी दुसरा पर्याय घेतला. जिनेटनेच हिशेब केला होता. रेआलची आयुर्विम्याची जुनी पॉलिसी होती, दीड लाख डॉलरची, सत्तराव्या वर्षापर्यंत चालणारी. हप्ता महिन्याला एकशे बारा. म्हणजे तो मागेपुढे गेलाच, तर पेन्शनची जागा पॉलिसी घेईल. सगळं कसं चोख होतं. घराचं कर्ज अजून सात वर्षं बाकी, जिनेटचं स्वतःचं सरकारी पेन्शन तुटपुंजं. रेआलमागे तिला आधार असेल तर तो त्या एका पॉलिसीचा.

मागच्या जुलैत मॉलमधल्या बँकेने साडेचारशेचा बोनस काढला. रेआलचं पेन्शन तिकडे वळवलं. दोन आपोआप जाणारी बिलं हवी होती, म्हणून फोनचं बिल आणि पॉलिसीचा हप्ता तिकडे लावला. जानेवारीत साडेचारशे पडले. तोवर चर्चसमोरच्या बँकेत पाचशेची ऑफर लागली होती. तिने चार हजार तिकडे हलवले, आणि फी लागू नये म्हणून महिना संपायच्या आत, एकोणतीस तारखेला, मॉलमधलं खातं बंद केलं. फोनवाल्यांना त्याच दिवशी कळवलं. विमा कंपनीला कागदी फॉर्म लागतो. तोही तिने आधीच भरून टपालात टाकला होता.

फक्त पॉलिसी रेआलच्या नावावर होती. सही त्याची हवी होती. जिनेटने स्वतःची केली, कारण नऊ वर्षं घरातल्या प्रत्येक फॉर्मवर तीच सही करत आली होती.

*

मार्चच्या एकोणीस तारखेला, सकाळी दहाच्या सुमारास, ती स्वयंपाकघरात कॉम्प्युटर उघडून बसली होती. बाहेर तीन दिवसांचा बर्फ काळा पडला होता. चर्चसमोरच्या बँकेने पाठवलेला कोड शोधायचा होता. या सगळ्या ऑफरींसाठी तिने एक वेगळा ईमेल पत्ता काढला होता. तिथे रोज पन्नास-साठ पत्रं येऊन पडत. कागदी पत्राला महिन्याला दोन डॉलर लावतात म्हणून विमा कंपनीलासुद्धा तिने तोच पत्ता दिला होता, आणि देऊन विसरून गेली होती.

कोड शोधताना तिला विमा कंपनीचं नाव दिसलं. एकदा नाही, चारदा.

पहिलं पत्र जानेवारीअखेरचं: फॉर्मवर पॉलिसीधारकाची सही नाही, फॉर्म स्वीकारलेला नाही, नवा भरून पाठवा. दुसरं सहा फेब्रुवारीचं: हप्ता वसूल झाला नाही, खातं बंद आहे. तिसरं: मुदत संपत आली. चौथं सात मार्चचं. त्यात दोनच ओळी होत्या. पॉलिसी रद्द झाली होती.

जिनेटने ते पत्र तीनदा वाचलं. शेगडीवर वाटाण्याचं सूप खाली लागत होतं, त्याचा वास घरभर पसरला, तरी तिला उठवेना.

शेवटी तिने इर्या हाकालाला फोन लावला. पॉलिसी इर्यानेच विकली होती, एकोणीस वर्षांपूर्वी, याच स्वयंपाकघरात बसून.

"अगं, घाबरू नकोस," इर्या म्हणाली. "अशा पॉलिस्या पुन्हा चालू होतात. मागचे हप्ते भरायचे, दोनशे चोवीस होतील. आणि तब्येतीचा एक फॉर्म. पाच प्रश्न असतात."

"कसले प्रश्न?"

"हेच गं. कॅन्सर आहे का, हार्ट अटॅक आलाय का. चौथा जरा चोंबडा आहे. डॉक्टरांनी एखादी तपासणी सांगितली आहे का, जी अजून व्हायची आहे किंवा जिचा निकाल यायचा आहे?"

जिनेटने उठून शेगडी बंद केली.

"जिनेट? आहेस ना?"

"आहे."

"रेआल बरा आहे ना?"

"खोकतोय जरा," जिनेट म्हणाली, आणि नंतर करते म्हणून तिने फोन ठेवला.

खोकतोय जरा! पूर्ण हिवाळा खोकत होता तो. फेब्रुवारीअखेर गळपट्ट्यावर रक्ताचा ठिपका दिसला, तेव्हापासून मागे लागून जिनेटने त्याला अकरा मार्चला अक्षरशः ओढत डॉक्टरकडे नेलं. त्याच दिवशी एक्स-रे निघाला. उजव्या फुप्फुसावर डाग होता. डॉक्टरीण चांगली होती, ती म्हणाली, खाणीत एवढी वर्षं काढलेल्या माणसाच्या छातीत काहीही दिसू शकतं, सीटी स्कॅन करू, मग बोलू. स्कॅनची तारीख मिळाली होती सव्वीस, पुढचा गुरुवार.

सात मार्चच्या आत ती पत्रं दिसली असती तर फॉर्मच लागला नसता. दहा मार्चला दिसली असती तरी रेआलने पाचही प्रश्नांना 'नाही' लिहिलं असतं आणि ते खरं असतं. सगळं सात ते अकरा या चार दिवसांवर गेलं. जिनेट फ्रिजच्या तक्त्याकडे बघत राहिली. सतरा खात्यांच्या तारखा तिने पाठ केल्या होत्या, आणि ही एक तारीख तिच्याकडे नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय म्हणायचं? तिने तो तक्ता ओढून काढला आणि कचऱ्याच्या डब्यात कोंबला. त्याने काही झालं नाही.

*

एक दिवस तिने कळ काढली. दुसऱ्या दिवशी जेवताना सांगितलं. सांगताना रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण 'सही' या शब्दापाशी आवाज फुटलाच.

रेआलने सूप संपवलं. पावाने वाडगा पुसून घेतला. मग म्हणाला, "म्हणजे सतरा डॉलर वाचवायला दीड लाख गेले."

"ओरड ना मला. काहीतरी बोल."

"काय ओरडू? हीटरची ऊब घेताना ओरडलो होतो का? कॅल्गरीला विमानात बसलो, तेव्हा खिडकीची जागा मीच घेतली." त्याला खोकला आला. रुमाल तोंडाशी धरून तो पाठमोरा झाला, आणि रुमाल न बघताच घडी करून खिशात घातला. "फॉर्म आहे म्हणालीस ना?"

"चौथा प्रश्न आहे रेआल. आपल्याला 'हो' लिहावं लागेल. 'हो' लिहिलं की ते घेणार नाहीत."

"बघू."

"बघू काय? खोटं नाही लिहायचं."

"अगं म्हातारे, तू स्कॅनचं बघ, फॉर्मचं मी बघतो. आणि तोंड धुऊन ये, तुझ्याकडे बघवत नाहीये."

त्याने शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. पण तो त्या आठवड्यात तिच्याशी फारच चांगला वागला. भांडी घासली. पायऱ्यांवरचा बर्फ स्वतः काढला, दर चार फावड्यांनी थांबत. रात्री तिच्या पाठीवर हात ठेवून झोपायला लागला, जसं कित्येक वर्षांत झोपला नव्हता. जिनेटला वाटलं, माफ केलं याने. खरं तर तिला संशय यायला हवा होता.

गुरुवारी तो आठलाच निघाला. तिने कोट चढवला तर म्हणाला, "तू कशाला? तिथे नुसतं बसायचं. स्कॅन काय दहा मिनिटांचा. मला काय कुकुलं बाळ समजतेस? त्यापेक्षा घरी खिमा भरून मीट पाय भाज, आल्यावर खाईन."

"नक्की?"

"नक्की गं."

ती राहिली. त्याचा तिला पुढे फार पश्चात्ताप झाला. पण त्या घडीला, खरं सांगायचं तर, तिला सुटल्यासारखं झालं होतं. त्या दवाखान्याच्या खुर्चीत बसून आपल्या चुकीकडे बघत राहायचं बळ तिच्यात नव्हतं.

दुपारी एकला तो परत आला. गालावर रंग होता. "झालं," म्हणाला. "काय म्हणाले?" तिने विचारलं. "ते काही म्हणत नाहीत, रिपोर्ट डॉक्टरला जातो." त्याने मीट पायचे दोन मोठे तुकडे खाल्ले, वर बिटाचं लोणचं मागून घेतलं. बऱ्याच दिवसांनी तो असा जेवला होता, आणि ती समोर बसून बघत होती.

*

शुक्रवारी सकाळी हॉस्पिटलमधून फोन आला. तिथल्या कोणा मुलीचा आवाज होता, घाईतला.

"मिस्टर लाफ्रन्येर काल आले नाहीत. त्यांना नवीन वेळ हवी आहे का? मंगळवारी साडेसातला एक जागा रिकामी झाली आहे. ती नको असेल तर मग एकदम मे महिना."

जिनेटने विचारलं, "आले नाहीत?"

"नाही. मंगळवारची ठेवू का?"

"ठेवा," जिनेट म्हणाली. "माझ्या नावावर लिहा हवं तर. ठेवा."

रेआल गॅरेजमध्ये होता. बर्फाखालच्या मासेमारीचा हंगाम संपत आला होता, गोठलेल्या तळ्यावरून ओढून आणलेल्या लाकडी झोपडीच्या घसरपट्ट्या तो तपासत बसला होता. ती कोट न घालता, घरातल्या सपाता पायात घालूनच तिथे गेली.

"काल कुठे होतास?"

त्याने वर पाहिलं नाही. एवढ्यानेच तिला कळलं.

"इर्याकडे," तो म्हणाला. "फॉर्म भरला. मागचे हप्ते दिले. आठ-दहा दिवसांत पॉलिसी चालू होईल म्हणाली."

"चौथ्या प्रश्नाला काय लिहिलंस?"

"'नाही' लिहिलं."

"रेआल!"

"ओरडू नकोस, शेजारी ऐकतील. हे बघ, क्लबात गास्पार सांगत होता. त्याच्या मेव्हण्याचं असंच होतं. पहिली दोन वर्षं कंपनी खोदून बघते, मागचे कागद काढते. दोन वर्षं गेली की कोणी विचारत नाही. दोन वर्षं डॉक्टरचं तोंड बघायचं नाही, बस. एक्स-रेचं काय, एक्स-रेत नुसता डाग आहे. डागाला नाव नाही अजून. नाव द्यायला जायचंच नाही."

"आणि तुला काही झालं तर?"

"मला काही होणार नाही दोन वर्षं. होऊ देणार नाही." तो हसला. "तूच तर सगळ्यांना शिकवतेस ना, मुदत भरेपर्यंत हात लावायचा नाही, दम धरायचा. मग मीही धरतो की."

जिनेट तिथल्या उलट्या बादलीवर बसली. नऊ वर्षं गल्लीतल्या बायकांना कॉफी पाजत पाजत ती हेच सांगत आली होती. आता तिचा नवरा स्वतःच्या छातीचा तसाच हिशेब करत होता, आणि तिला खूश करायला बघत होता.

"मला नको ते पैसे," ती म्हणाली.

"असं म्हणायला सोपं आहे. माझ्यामागे या घराचे हप्ते कोण भरणार? जोझे? तिची तिला दोन पोरं आहेत, नवरा घर सोडून गेलाय. तू परत गल्ल्यावर उभी राहणार, या गुडघ्यांनी?"

"राहीन."

"राहशील! डोंबल राहशील. जा आत, थंडी लागेल. हे माझं काम आहे, मला करू दे. आयुष्यभर सगळं तूच बघितलंस. हे एक मी बघतो." मग तो पुन्हा घसरपट्टीकडे वळला आणि खोकायला लागला. इतका खोकला, की त्याने एका हाताने झोपडीची कड धरली.

*

जिनेट आत आली. टेबलापाशी बसली. तिने कागद घेतला आणि सवयीने आकडे मांडायला गेली. घराचा हप्ता, तिचं पेन्शन, औषधं, लाइट. रेआल नसताना महिन्याला सहाशे-सातशे कमी पडत होते. घर विकावं लागणार. त्यातून कर्ज फिटून जे उरेल त्यात भाड्याच्या दोन खोल्या, ते पैसे पुरतील तोवर. तिने तो कागद पुन्हा एकदा वाचला. घाबरायला झालं तिला, उगाच शूरपणा कशाला सांगा. या वयात एकटं आणि गरीब असणं काय असतं ते तिने तिच्या आईचं बघितलं होतं. आई शेवटची तीन वर्षं चहाची पिशवी दोनदा वापरायची.

खिडकीतून गॅरेजचं दार दिसत होतं. खोकला ऐकू येत होता.

तिने फोन उचलला.

"इर्या, जिनेट बोलतेय. रेआलच्या फॉर्मबद्दल."

"अगं, पाठवतेच आहे आज दुपारी. काळजी करू नकोस, नीट भरलाय त्याने."

"नीट नाही भरलाय."

पलीकडे खुर्ची करकरली. मग इर्याचा आवाज एकदम खाली आला. "जिनेट, मी अजून काही ऐकलेलं नाही. तुझा फोन आलाच नाही असं समजते. कॉफी पी, तासभर विचार कर."

"विचार केला."

"दीड लाखाची गोष्ट आहे बाई. मी तुमच्या घरी बसून विकलीय ती पॉलिसी. माझा जीव तुटतोय गं."

"चौथ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आहे," जिनेट म्हणाली. "अकरा तारखेला एक्स-रे काढला. डाग आहे. स्कॅन सांगितलाय, मंगळवारी आहे. हे लिहून घे. मी थांबते, तू लिही."

इर्याने लिहिलं. पेनाचा आवाज फोनमधून येत होता. लिहून झाल्यावर ती म्हणाली, "मग हा मी परतच पाठवते तुमच्याकडे. असा घेणार नाहीत ते. तुला माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"दोनशे चोवीस परत येतील. कुठल्या खात्यात टाकू?"

जिनेटची नजर फ्रिजच्या रिकाम्या दारावर गेली. "चेक पाठव," ती शेवटी म्हणाली.

या खेपेला कोट घालून, बूट घालून ती गॅरेजमध्ये गेली. आडवळणाने सांगण्यात काही अर्थ नव्हता. "मी इर्याला खरं सांगितलं. पॉलिसी गेली. आता तुझ्याकडे न जायला कारण नाही. मंगळवारी साडेसातला."

रेआलने हातातला पाना खाली ठेवला. फेकला नाही, ठेवला. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग राखेसारखा.

"वेडी झालीस का तू? दीड लाख, जिनेट! तुझेच होते ते! मला काय, मी तर मातीत असणार. तुझ्यासाठी केलं मी, तुझी चूक निस्तरायला केलं, एकदा तोंडाने बोललो नाही तुला, आणि तू..." त्याने खिशातला रुमाल काढून तोंडाशी धरला. "तू स्वतःच्या हाताने..."

"हो. स्वतःच्या हाताने."

"भीक मागशील."

"मागेन. पण दोन वर्षं रोज सकाळी तुझा खोकला मोजत बसायचं, आणि मनातल्या मनात म्हणायचं, अजून इतके महिने राहिले, मग हा मेला तरी चालेल? ते मला जमणार नाही रेआल. मी पुष्कळ तारखा सांभाळल्या. ही नाही सांभाळायची मला."

तो स्टुलावर बसला. रस्त्यावरून बर्फ उचलणारी गाडी गेली, तिचा घरघराट दूर गेला. रेआल आपल्या तळहातांकडे बघत होता. काळ्या रेघा त्या हातांवरून निवृत्तीनंतरही कधी गेल्या नव्हत्या.

"पॉलिसी नसती तरी मी गेलो नसतो," तो म्हणाला.

"काय?"

"काल आधी हॉस्पिटललाच गेलो होतो मी. आठ वाजून वीस मिनिटांनी पोचलो. गाडी लावली. पाऊण तास गाडीत बसून होतो. काचेचं दार दिसत होतं समोर, लोक आत जात होते, बाहेर येत होते. माझा पाय उचलेना." त्याचा आवाज इतका बारीक झाला की तिला पुढे वाकावं लागलं. "मग फॉर्म आठवला. म्हटलं, चला, बायकोसाठी करतो. बायकोसाठी म्हटलं की कसं बरं दिसतं. एकतीस वर्षं लिफ्टच्या पिंजऱ्यातून खाणीत खाली गेलो मी, चार-चार हजार फूट, कधी काही वाटलं नाही. आणि त्या दारातून आत जाववलं नाही मला. घाबरलोय मी, जिनेट. फार घाबरलोय."

तिला रडू आलं नाही. तिने त्याचं डोकं आपल्या कोटाशी धरलं. त्याच्या केसांना तेलाचा आणि थंडीचा वास येत होता.

"मंगळवारी मी येते," ती म्हणाली. "दारापर्यंत येते तुझ्याबरोबर."

"दारापर्यंत नको," तो तिच्या कोटात तोंड खुपसूनच म्हणाला. "आत ये."